वरच्या खोलीतला हुकूम

लाँड्रीवाल्या वहिनी घाबरट होत्या, आणि साध्यासुध्या नव्हे हो, पहिल्या नंबरच्या! मागून कुणी हाक मारली तरी हातातलं सांडायचं. अशा बाईच्या गळ्यात आख्खी लाँड्री पडली. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वर्षानुवर्षं मुरलेले कामगार आणि मागच्या शेडमध्ये सदानकदा गुरगुरणारा बॉयलर.

झालं असं, की मालकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. वरच्या खोलीत पलंगावर पडून ते नुसते बघायचे. खाली मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता. "बोलतात, पण फार हळू. मलाच कळतं," असं वहिनींनी ठोकून दिलं होतं आणि सगळा कारभार त्या एका थापेवर चालला होता. कुणाला काही सांगायचं झालं, की वहिनी जिना चढायच्या. मालकांची उशी सारखी करायच्या, वाक्य मनात घोकायच्या आणि खाली येऊन म्हणायच्या, "ह्यांनी सांगितलंय, आज टॉवेल आधी." की कामगार मुकाट टॉवेल उचलायचे. स्वतःच्या जिवावर त्यांनी कुणाला साधा पंखासुद्धा बंद करायला सांगितला नव्हता. आपलं कोण ऐकतंय, ही धास्ती सतत पोटात.

त्यातून सगळ्यांत मोठा धाक भडकामामाचा. हा बॉयलर सांभाळायचा आणि नाव पडलं होतं ते स्वभावावरून. हा रुसून निघून गेला तर वाफ बंद, आणि वाफ बंद म्हणजे लाँड्रीला टाळं.

एके सकाळी वहिनी शेडमध्ये डोकावल्या आणि दारातच थबकल्या. वाफ फार चढली की आपोआप उघडून ती बाहेर सोडणारी एक झडप बॉयलरला असते. भडकामामाने तिचा दांडा तारेने करकचून आवळून टाकला होता. वाफेचा दाब दाखवणारा काटा लाल पट्ट्यात शिरलेला. आणि भिंतीपलीकडे बायका इस्त्री करत खिदळत होत्या.

वहिनी धापा टाकत वर गेल्या आणि तशाच खाली आल्या.

"मामा, ह्यांनी सांगितलंय, तार काढा."

मामाने डोळे बारीक केले. "मालकांनी?"

"हो, आत्ताच."

"काय सांगता वहिनी! अहो, वाफ लवकर चढते म्हणून ही तार बांधायला मालकांनीच तर शिकवलं मला. थांबा, मीच वर जाऊन विचारतो."

आणि निघालाच की तो जिन्याकडे! हा वर गेला तर बिंग फुटणार, नाही गेला तर बॉयलर फुटणार. गलका ऐकून इस्त्रीवाली मावशी दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे बाकीच्या.

"वर जाऊ नका." वहिनींचा आवाज चिरकला. "ते काही बोलले नाहीत. त्यांना बोलताच येत नाही. मी सांगतेय. जाळ बंद करा आणि तार काढा."

मामा जिन्यावरून मागे वळला.

"आणि चादरींना उशीर झाला म्हणजे?" मामा गुरकावला. "दवाखानेवाल्यांना तोंड कोण देणार?"

"मी देईन."

"तुम्ही?"

"अरे भडक्या, काढ की मेल्या!" मावशी दारातून कडाडली. "भिंतीपलीकडे आम्ही उभ्या असतो, तुझी सासू नव्हे!"

मामाने धुसफुसत जाळ बंद केला, पकड घेतली आणि तार तोडली. झडप अशी काही किंचाळली म्हणता! पांढऱ्या वाफेचा लोट छपराला भिडला. मावशी पळाली, बायका पळाल्या, आणि सगळ्यांच्या पुढे, पकड टाकून, भडकामामा. गडी थांबला तो थेट रस्त्यापलीकडे.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. हलणार कशा? गुडघे गोठले होते. आता गेलेच, असं मनात म्हणत डोळे गच्च मिटून उभ्या होत्या बिचाऱ्या.

वाफ ओसरली, मंडळी चोरपावलांनी परतली. बघतात तर बाई खांबासारखी उभी!

"बाप रे," मामा पुटपुटला. "वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

वाटली, असं सांगायला वहिनींनी तोंड उघडलं, पण जीभ टाळ्याला चिकटलेली. मामाला वाटलं, बाई चिडल्यात. त्याने चटकन वाकून तारेचे तुकडे गोळा केले.

"परत नाही बांधणार, वहिनी. शपथ. आता काय करू, ते सांगा."

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"आधी," वहिनी कशाबशा म्हणाल्या, "मला बसायला काहीतरी द्या."

तर तिघं-चौघं एकदम खुर्ची आणायला धावले, आणि दारात एकमेकांवर आपटले!