कोणाचं पाहून?

मी नक्कल केली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वेळी ते ऐकून घ्यायला शाळेत कोणाला सवड नव्हती.

दहावीत होते. शाळा घाटंजीला, आमच्या गावाहून सायकलीने पाऊण तासावर. दिवाळी आली की कापसाच्या पऱ्हाटीला बोंडं फुटायची आणि वर्गातला शेवटचा बाक, म्हणजे आम्हा मजुरांच्या पोरींचा बाक, रिकामा व्हायचा. ते कापसाचे वाईट दिवस होते. जिल्ह्याचं नाव सारखं पेपरात यायचं, पाहणीच्या गाड्या गावात यायच्या. त्या शेतमालकाच्या दारात थांबायच्या, चहा पिऊन परत जायच्या. ज्या बाया वावरात कापूस वेचत होत्या, त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही. माझा राग तेव्हापासूनचा आहे आणि मी तो उतरू दिलेला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीला जोडून शाळेचेही दिवस बुडवून, असे मिळून तीन आठवडे मी मायसोबत वेचायला गेले. वस्तीतल्या एका पास झालेल्या मुलीकडून इंग्रजी व्याकरणाचं गाईड मिळालं होतं, कव्हर नसलेलं. सकाळी एक पान वाचायचं आणि दिवसभर ते तोंडाने घोकत ओळीतून पुढे सरकायचं, असा माझा अभ्यास. मायची अट एकच होती, "तोंड चालव, पण हात थांबवू नोको."

शेजारच्या ओळीत एक मावशी असायची. आमच्याच वस्तीतली, अंगठा उठवणारी आणि जिभेला धार असलेली. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "काय पुटपुटून राह्यली वं?"

मी सांगितलं, "वाक्यात काम कोण करते थे शोधाचं. मंग काय करते थे. मंग कोणावर करते थे."

"हे इंग्रजी कायचं? हे त आमी रोज हापशीवर करतो."

खरंच होतं ते. हापशीवर कोणतीही बातमी आली की बाया तिला अशीच सोलून काढायच्या. कोण? काय केलं? कोणाले? कधी? कुठं? कसं? एकाही प्रश्नाचं उत्तर राहिलं, तर ती बातमी खोटी समजायची आणि आपली घागर उचलून चालू लागायचं. मग मी एकेक इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणायचे, त्याचा अर्थ सांगायचे, आणि दोन्ही बाजूंच्या ओळींतून प्रश्न यायचे. कावळ्याने भाकर नेली. कोणं नेली? कावळ्यानं, तो सब्जेक्ट. काय केलं? नेली, हे व्हर्ब. काय नेलं? भाकर, ती ऑब्जेक्ट. मावशी पुढे विचारायची, "कोणाची भाकर नेली?" आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नसलं की सगळ्या हसायच्या.

प्रीपोझिशन मला वर्गात कधी कळलं नव्हतं. ते पोटाशी बांधलेल्या कापसाच्या ओटीवर कळलं. ओटीत, ओटीवर, ओटीखाली. इन, ऑन, अंडर. इतकी सोपी गोष्ट इंग्रजीच्या सरांनी दोन वर्षं अवघड करून शिकवली होती.

शाळेत परत गेले त्याच आठवड्यात चाचणी झाली. वाक्यं सरांनी स्वतः रचून फळ्यावर लिहिली होती, कुठल्याच गाईडात नव्हती. वाक्यातले भाग ओळखा, शब्दांच्या जाती सांगा. मी शेवटच्या बाकावर एकटीच होते, कारण बाकीच्या दोघी अजून वावरातच होत्या. माझं एकही उत्तर चुकलं नाही.

सर मार्क वाचत वाचत माझ्या पेपरावर थांबले. "तीन आठवडे कापसात आणि पैकीच्या पैकी?" सगळा वर्ग मागे वळला. "पाहून लिहिलंस." त्यांनी मला विचारलंही नाही. एखादं वाक्य देऊन तपासलं असतं, तर मी जागेवर सोडवून दाखवलं असतं. पण विचारायचं कशाला, त्यांचं ठरलेलं होतं.

सर मला तसंच मुख्याध्यापकांच्या ऑफिसात घेऊन गेले. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त कटकट नको होती. ते म्हणाले, "माफीनामा लिहून दे, विषय संपला. नाही दिलास तर बोर्डाचा फॉर्म मी पुढे पाठवणार नाही." फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत होती आणि तो बुधवार होता. फॉर्म गेला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि आमच्या वस्तीत मुलीचं एक वर्ष गेलं की शाळाच सुटायची. बाजूच्या दोन घरांत मी ते पाहिलं होतं.

सर म्हणाले, "इंग्रजी एवढं येतं ना, मग इंग्रजीतच लिही." आणि त्यांनी सांगितलं, "आय कॉपीड द आन्सर्स."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर त्या वाक्याकडे पाहिलं. व्याकरणात कुठे खोट नव्हती. आय, सब्जेक्ट. कॉपीड, व्हर्ब. द आन्सर्स, ऑब्जेक्ट. सवयीने मी एकेका शब्दाखाली रेघ ओढली आणि खाली नावं लिहिली. मग, तेही सवयीनेच, हापशीवरचा पुढचा प्रश्न आठवला. मी खाली लिहिलं, "फ्रॉम हूम?" त्याच्यापुढे बोटभर जागा रिकामी सोडली, सही केली नाही, आणि कागद टेबलावर ठेवला.

मुख्याध्यापकांनी तो वाचला. "हा आगाऊपणा आहे. उद्या आईला घेऊन ये."

माय आली ती थेट वावरातून, ओटीचं फडकं कमरेलाच. सोबत मावशी, कोणी न बोलावता. टेबलासमोर खुर्ची होती, पण बसा कोणी म्हटलं नाही.

"काय केलं इनं?" मायने विचारलं.

"कॉपी केली," सर म्हणाले.

"कोणाचं पाहून?"

सर म्हणाले, "त्याला महत्त्व नाही."

"कसं नाही? ज्याचं पाहून लिवलं त्या पोराले बोलवा. मी त्याले इचारतो."

सर खिडकीकडे पाहू लागले. तेवढ्यात मावशी मुख्याध्यापकांना म्हणाली, "साहेब, त्या पेपरात सगळ्यात जास्त मार्क कोणाले हायेत?"

मुख्याध्यापकांनी मार्कांची वही ओढली आणि बोट वरून खाली नेलं. मग पुन्हा एकदा नेलं. "हिलाच आहेत," ते हळूच म्हणाले.

माय पुढे झाली आणि त्या खुर्चीवर बसली. "फॉर्मवर सही करा," ती म्हणाली. "मले वावरात जाचं हाये."

त्यांनी सही केली. सरांनी चुकलं म्हटलं नाही. उद्यापासून पहिल्या बाकावर माझ्या नजरेसमोर बस, एवढंच म्हणाले. मी बसले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटाने पुढे बोलावलं, तेव्हा मी उभी राहून म्हटलं, "इथून ऐकू येते सर." त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि पुन्हा बोलावलं नाही. परतलेल्या दोघींना मी त्याच बाकावर, हापशीच्याच पद्धतीने सगळं व्याकरण शिकवलं.

त्या दिवशी ऑफिसातून निघताना मावशीने टेबलावरचा तो कागद सरळ उचलून घेतला होता. रस्त्यात तिने तो उलटा धरून पाहिला, मग मी सरळ करून दिला. ती रिकामी जागा तिला वाचता येत नसूनही लगेच दिसली.

"हे कायले सोडलं वं?"

"थे त्याहीनं भराचं होतं."

कागद अजून माझ्याजवळ आहे. घडीवर फाटत आलाय. मी आता ज्या शाळेत इंग्रजी शिकवते, तिथे तो माझ्या खणात असतो. ती जागा कोणी भरली नाही, आणि खाली माझी सही नाही.