आतोबांचे ग्रीक

ग्रीस देशाची सर्वांत जास्त काळजी कोणी वाहिली असेल, तर ती ग्रीसच्या राजानं नव्हे, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या आमच्या आतोबांनी. शाळेत ते संस्कृत शिकवत आणि शाळेबाहेर 'यवन' हा एकच शब्द. कुणाच्या तोंडून तो निसटायचा अवकाश, की आतोबांचं बोट वर जायचं, "आयोनियाचे!" मग समोरच्याची सुटका नसे. आयोनियातले ग्रीक इकडं आले, त्यांना आपण योन म्हटलं, यवन म्हटलं. पुढं वायव्येकडून येईल तो यवन झाला आणि शेवटी तो शब्द मुसलमानांच्या गळ्यात पडला, हे सगळं ते एका दमात सांगत. एकदा न्हाव्यापुढं बसले असताना रस्त्यानं कुणीतरी तो शब्द बोलत गेला, तर अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून आतोबा त्याच्यामागं थेट रंकाळ्यापर्यंत गेले. पन्हाळ्यावर वाटाड्या म्हणाला, "हितं यवनांचा येढा पडला." आतोबांनी विचारलं, "ग्रीस इथून किती लांब, ठाऊक आहे?" तो म्हणाला, "पावणं, मला वाघबिळाच्या पल्याडचं काय बी म्हाईत न्हाय." आतोबांनी त्याला तिथंच खाली बसवून शिकवलं. आत्या तोवर बुरुजाला टेकून झोपली.

पेठेतल्या तालमीचं गणपतीत ऐतिहासिक नाटक व्हायचं. पैलवान मावळे, पैलवानच शत्रू. पडदा ओढायचे आतोबांचे बालमित्र, पडदेवाले चाचा. दोराची गाठ त्यांची त्यांनाच कळे. पण एका वर्षी नायकानं "यवनांनो, मागे फिरा!" अशी गर्जना केली आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी विंगेतल्या चाचांकडं बोट दाखवलं. मंडप हसला. पुढच्या गणपतीत चाचा पडदा ओढायला आलेच नाहीत. "गुडघा दुखतोय," एवढाच निरोप आला.

त्या वर्षी आतोबांनी प्रॉम्प्टिंग पत्करलं, पण एका अटीवर: यवनांचे पोशाख ते ठरवणार. कुणाला शंका आली नाही. आणि ऐन वेळी रंगमंचावर सहा पैलवान अवतरले, एका खांद्यावरून पलंगपोस, उघडे गुडघे, डोक्यावर नुकती कल्हई केलेली आत्याची पातेली! नायकानं तोंड उघडलं, "यवनांनो," आणि विंगेतून आतोबा पुस्तक टाकून ओरडले, "आयोनियाचे!" मंडप हसून लोळायला लागला. तेवढ्यात एकाचा पलंगपोस सुटला. सेक्रेटरी बोंबलला, "पडदा पाडा की ओ!" पडदा अर्ध्यावर अडकला. पैलवान पातेलं पुढं धरून उभा. तेव्हा शेवटच्या रांगेतून चाचा उठले; आतोबांनीच हाताला धरून आणलं होतं त्यांना. हसून हसून डोळे पुसत ते विंगेत गेले, गाठीला एक झटका दिला आणि ग्रीसची अब्रू वाचली.

सेक्रेटरीनं आतोबांना नको नको ते ऐकवलं. "मास्तर, नाटकाची माती केलीसा!" घरी येताना मीही चिडून म्हणालो, "आतोबा, शब्दांचे अर्थ बदलतात, हे तुम्हीच शिकवता ना?"

"बदलतात की," ते शांतपणे म्हणाले. "अर्थाचं मला काही नाही रे. माझा माणूस वर्षभर घरी बसला होता. पेठेनं मला हसलेलं चालतं. त्याला हसलेलं मला सोसत नाही."

इतकी वर्षं मी त्यांना निव्वळ चक्रम समजत होतो, याची मला फार लाज वाटली.

नंतर एका वर्षी आतोबा गेले. त्या गणपतीत पुन्हा तेच नाटक होतं, प्रॉम्प्टिंगला मी. नायक "यवनांनो" म्हणाला आणि मी पुस्तकातून मान वर केली. पलीकडच्या विंगेत चाचा एका हातात दोर धरून उभे होते. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं आणि अगदी हळू म्हणाले, "आयोनियाचे."