आबांच्या चेहऱ्यावर मी भाकऱ्या शूट केल्या

मंडळी, आज दुपारी बारामतीत आमची जुनी व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लोणी भापकरजवळच्या माळावर आमची फासेपारध्यांची पालं होती. एका संस्थेनं कॅमेरा दिला, "तुमची फिल्म तुम्हीच काढा" म्हणाले. मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, तितरांसाठी फासे लावताना तीन मिनिटं शूट केलं. शिकार म्हणजे गुन्हा, हे मी आनंदात विसरूनच गेले.

तेवढ्यात पोलिसांची जीप आली.

"काय काढती गं? दाव."

"थोडं राहिलंय, सायेब." मी टेप मागं घेतली, चुलीपाशी बसलेल्या आईवर कॅमेरा धरला आणि लाल बटण दाबलं. वरून दुसरं काही शूट केल्याशिवाय आबा पुसले जाणार नव्हते, आणि त्याला पुरती तीन मिनिटं लागणार होती. आईला कळलं. ती भाकऱ्या थापत राहिली. हवालदार माझ्या मानेशी उभा.

मग मी टेप पुन्हा मागं घेऊन लावली, त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. "भाकऱ्याच हायती की!" अर्ध्यातच कंटाळून निघून गेला.

आबा आता नाहीत. त्यांचा एकही फोटो नाही. आज लेकीसोबत त्या भाकऱ्या बघत होते, आणि अगदी शेवटी चित्र हललं. दोन सेकंद आबा! कॅमेऱ्याकडं बघून विचारतायत, "झालं का गं?"

भाकऱ्या शूट करताना थांबायचं बटण माझ्या हातून जरा आधीच दाबलं गेलं होतं.

लेक म्हणते, "आई, हे इथं टाक." बोट बटणापाशी जातं, आणि मानेशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. तुम्हीच सांगा, टाकू का?