कार्सन सिटी, व्हाया वालीव

मी अमेरिकेला कधी गेलेलो नाही. पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. एकतीस वर्षं पाणीखात्यात काढली, आता सांडोरला केळीच्या वाडीत निवृत्त बसलोय. तरीही आमच्या नाणी जमवणाऱ्या मंडळात अमेरिकन टांकसाळींबद्दल शेवटचा शब्द माझाच असायचा. कारण एवढंच की बाकीच्यांनी तो विषय घेतला नव्हता. कोणी शिवराई जमवी, कोणी पोर्तुगीज नाणी. अमेरिका रिकामी होती, ती मी घेतली.

घेतली ती मन लावून. पहिली टांकसाळ फिलाडेल्फियाची. तिथली अगदी पहिली नाणी पहिल्या अध्यक्षांच्या घरची चांदीची भांडी वितळवून पाडली, अशी दंतकथा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपानंतर शहर पेटलं, तेव्हा टांकसाळीतल्या माणसांनी आतल्या विहिरीचं पाणी उपसून इमारत वाचवली. पाणीखात्यातला असल्यामुळे हा प्रसंग सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. आणि सगळ्यात लाडकी कार्सन सिटीची. नेवाडातल्या चांदीच्या खाणींजवळ उभी राहिलेली, थोडी वर्षं चालून बंद पडलेली. तिच्या नाण्यांवर गरुडाच्या खाली ‘सीसी’ ही दोन बारीक अक्षरं असतात. बाकीच्या टांकसाळींचं एका अक्षरावर भागतं.

हे सगळं मी घरी सांगून पाहिलं होतं. बायको भाजी निवडताना ऐकायची आणि नेमकं भूकंपाला उठून गॅस बंद करायची.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका प्रदर्शनात मला सीसीचा चांदीचा डॉलर मिळाला. पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, सोबत इंग्रजी प्रमाणपत्र. किंमत इथे लिहीत नाही, कारण बायको हे वाचणार आहे. घरी येऊन भिंगाखाली धरला तर गरुडाच्या डाव्या पंखाखाली केसाएवढा ओरखडा उठून आलेला. नाण्यांच्या छंदात चूक असलेलं नाणं निर्दोष नाण्यापेक्षा मोलाचं. नाणं पाडायच्या ठशाला तडा गेला की तेवढीच थोडी नाणी तशी निघतात. मी चार पुस्तकं चाळली. हा तडा कुठेच नोंदलेला नव्हता. दुसऱ्या कोणाला शंका आली असती. मला वाटलं, मी शोध लावला.

मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं. जागा तुळिंजला, मिठाईच्या दुकानावरचा क्लासचा हॉल. बाकांवर सतरा माणसं, त्यातली सहा कार्यकारिणीची. अध्यक्षांनी माझा परिचय ‘अमेरिकन टांकसाळींचे आंतरराष्ट्रीय अभ्यासक’ असा करून दिला. मी तो दुरुस्त केला नाही. शाल, नारळ झाला. मग मी पडद्यावर नाण्याचा मोठा फोटो लावला आणि छडीने तडा दाखवत म्हणालो, “जगातल्या कुठल्याही पुस्तकात याची नोंद नाही.”

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनांशेजारी छोटं भिंग. भाच्यासोबत सहज आले होते, भाचा मंडळात नवा.

“सर, तो तडा नाय,” ते म्हणाले. “माझा हात सरकला होता.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी म्हणालो, “काय म्हणालात काका?”

“हे नानं मी बनवलंय. म्हनजे ठसा मी कोरला. वालीवला आमच्या कारखान्यात. पंखाखाली कोरनी सरकली. मी मालकाला बोललो, दुसरा करून देतो. तो बोलला, देवीच्या हारात कोन बघतंय!”

अध्यक्षांनी माईक घेऊन ताबडतोब चहा जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी मंडळाने चौकशी समिती नेमली. पाच जणांची. त्यातल्या तिघांनी प्रदर्शनातल्या त्याच दुकानदाराकडून काही ना काही घेतलेलं होतं, त्यामुळे नाण्यांच्या डब्या फोडाव्यात की फोडू नयेत यावरच समिती अजून विचार करते आहे. ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला, ‘एका व्यक्तीच्या तोंडी विधानावरून मंडळाची प्रतिष्ठा ठरत नाही.’ त्याखाली सतरा अंगठे. एक माझाच होता, सवयीने गेला.

मी मात्र डबी फोडली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाणं ठेवलं, ते वजनात बरंच कमी भरलं. ओट्यावर टाकलं तर चांदीसारखं वाजलं नाही, झाकण पडल्यासारखा आवाज झाला.

“काय पडलं हो?” बायकोने बाहेरून विचारलं.

“अमेरिका,” मी म्हणालो.

चार दिवस मी घराबाहेर पडलो नाही. राग दुकानदाराचा यायला हवा होता, तो आला त्या म्हाताऱ्यांचा. मग तोही ओसरला आणि उरली ती फक्त लाज. पाचव्या दिवशी भाच्याकडून पत्ता घेऊन वालीवला गेलो.

पत्र्याची शेड. दोन प्रेस धाडधाड चालू. बायका ओळीने बसून नाण्यांना कड्या लावत होत्या, नवरात्रातल्या हारांसाठी. कोपऱ्यात दिव्याखाली काका बसलेले. मला पाहून गडबडीने उठले.

“सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पन तुम्ही चुकीला चांगलं बोलत होते, ते मला बघवेना.”

त्यांनी ठसा काढून दाखवला. पोलादात उलटा गरुड, पीस न् पीस मोजून घ्यावं असा. सगळं एका फोटोवरून, हाताने. दुकानदाराने कड्या न लावलेली काही नाणी वेगळी मागवली होती, ‘भेट द्यायला’ म्हणून. ती पुढे कुठे गेली हे काकांना माझ्या व्याख्यानात कळलं.

“एक विचारू?” ते म्हणाले. “हे सीसी काय? मला वाटलं गिऱ्हाइकाचं नाव असेल.”

मी स्टूल ओढलं आणि सांगायला लागलो. खाणी, डोंगर, ती दगडी इमारत, तिचा प्रेस, तिचं बंद पडणं. ते मध्येच थांबवून विचारत, “ठसे तिथंच कोरायचे?” मी म्हणालो, “नाही, फिलाडेल्फियाहून यायचे. एवढ्या लांबून.” “म्हनजे कोरनाऱ्यानं ते गाव बघितलंच नसेल,” ते म्हणाले. भूकंप आला तेव्हा त्यांनी हातातली कोरणी खाली ठेवली. जेवणाची सुट्टी झाली, संपली, प्रेस पुन्हा सुरू झाले, तरी मी बोलतच होतो. इतक्या वर्षांत कोणी पहिल्यांदाच माझं शेवटपर्यंत ऐकलं.

मी मंडळाला सुचवलं की पुढचं व्याख्यान काकांचं ठेवूया. अध्यक्षांनी विचारलं, “त्यांचं शिक्षण काय? परिचयात काय लिहायचं?” विषय समितीकडे गेला. मी मंडळाचा राजीनामा दिला. तोही समितीकडेच आहे.

कारखान्याच्या मालकाला मात्र मी एक गोष्ट पटवली. अमेरिकेत अशा नाण्यावर ते खोटं असल्याचं छापावं लागतं, तुम्हीही छापा, उद्या पोलीस दारात नकोत. पोलीस शब्दाने काम झालं. काकांनी नवा ठसा कोरला. गरुडाखाली सीसी आणि त्याच्या खाली नागरीत, देखण्या वळणाचं, ‘नक्कल’. दुकानदाराची मागणी त्या महिन्यापासून बंद झाली. हारवाल्यांना काहीच फरक पडला नाही, उलट एकाने विचारलं, हा नक्कल कोण देव?

पहिला छाप काकांनी मला दिला. पंखाखाली भिंग लावून पाहिलं, ओरखडा नव्हता.