पाहुण्यांशिवायचं उद्घाटन

बातमीदारी आणि प्राध्यापकी अशा दोन्ही नोकऱ्या मी महाडमध्ये वर्षानुवर्षं करतो आहे. पक्की त्यांतली एकही नाही. वर्तमानपत्र मला 'प्रतिनिधी' म्हणतं, कॉलेज 'तासिका तत्त्वावरचे सर'. यंदा कॉलेजात पत्रकारितेचा विभाग सुरू होणार होता. तिथली कायमची जागा माझीच, असं संस्थेचे अध्यक्ष अनेकदा म्हणाले होते. लोकांसमोर मात्र एकदाही नाही.

उद्घाटनाची बातमी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सकाळीच कॉलेजकडून लिहून आली. प्रमुख पाहुण्यांचं दुपारी व्हायचं भाषण तिच्यात 'मौलिक मार्गदर्शन' ठरलं होतं, टाळ्याही पडून गेल्या होत्या.

मग पोलादपूरच्या बातमीदार मित्राचा फोन आला. "तुझा पाहुणा काय येत नाय रे. आंबेनळी घाटात दरड आलीय. गाडी महाबळेश्वरला माघारी गेली."

मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी टेबलाकडे नजर टाकली. "शाल आहे, नारळ आहे, तुम्ही आहात. पत्रकार म्हणजे मान्यवरच की."

भर पावसाळ्याच्या दमट हवेत ती शाल पांघरून मी व्यासपीठावर चुळबुळत बसलो. अध्यक्ष कानाशी वाकले. "बातमी आहे तशीच जाऊ द्या हं सर. पाहुण्यांना वाईट वाटायला नको. तुमच्या जागेचा विषय सोमवारच्या बैठकीत घेतोय."

समोर माझेच विद्यार्थी होते. याच कार्यक्रमाची बातमी लिहून आणा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. बाहेर पडताना एक मुलगी दारात थांबली.

"सर, पाहुण्यांनी मार्गदर्शन केलं असं लिहायचं ना?"

"तू ऐकलंस?"

"नाय. पण उद्या पेपरात तसंच येईल ना?"

ती टोमणा मारत असती तर सोपं गेलं असतं. तिला खरंच विचारायचं होतं.

एसटी स्टँडसमोर चहा मागवला, तो गार झाला. दुसरा मागवला, तोही. शेवटी दरडीमुळे पाहुणे पोहोचले नाहीत आणि सत्कार प्रस्तुत प्रतिनिधीवर उरकण्यात आला, असं लिहून पाठवलं. पाठवल्याबरोबर वाटलं, सोमवारपर्यंत कळ काढायला काय हरकत होती?

सोमवारी जागेचा विषय पुढच्या वर्षावर गेला. मंगळवारी मी तासाला गेलो, तासिका तत्त्वावरच. बहुतेकांच्या बातम्यांत पाहुणे येऊन बोलूनही गेले होते. त्या मुलीच्या बातमीत घाट बंद होता. तिथे मी एकच शब्द खोडला: तिने मला मान्यवर म्हटलं होतं.