आप्पा चित्राला बसले

रांजणगावच्या एका कंपनीत मी रंगविभागात आहे. लोखंडी पार्टवर पावडरचा रंग बसवायचा, भट्टीतून काढायचा, कुठं ओघळ दिसला की बाजूला ठेवायचा. एवढी वर्षं रंगात काढली, मग तैलचित्र शिकायला काय लागतंय, अशा ऐटीत मी शिरूरला आमच्या गल्लीतल्या बाईंकडे गेलो. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. रविवारी सकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या मोठ्या माणसांना शिकवायच्या.

ऐट पहिल्याच रविवारी उतरली. स्टुलावर एक वांगं ठेवलं होतं. मी काळी ट्यूब पिळली आणि वांगं भरून टाकलं.

बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "हे वांगं आहे का भोक?"

मग त्यांनी मला डोळे किलकिले करून बघायला लावलं. अंधार कुठं, उजेड कुठं, आधी एवढंच मांडायचं. त्या काळ्यात मला निळा दिसला, लाल दिसला, देठाजवळ चक्क तपकिरी दिसला. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ ठेवायचा आणि वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं, नाहीतर पुढं रंगाला भेगा पडतात, हेही मी बरोब्बर उलटं करून शिकलो. आणि वाळायचं तर नावच नाही! कंपनीत चहा पिऊन येईतो पार्ट वाळून हाताळायला तयार. इथं आठवडा झाला तरी वांगं बोटाला लागायचं.

"एवढ्यात भरली वांगी करून, खाऊन, जिरलीसुद्धा असती," बायको म्हणाली.

त्याच सुमारास माझे वडील, आप्पा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दौंडकडच्या गावाहून आमच्याकडे आले. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं. रोज उठून उसाच्या बांधावर जाणारा माणूस काळा चष्मा लावून आमच्या खिडकीपाशी खुर्चीत अडकला. मी बाईंना विचारलं, वडिलांचा चेहरा काढू का?

"चेहरा इतक्यात नको."

"पण बाई, माणूस आयता बसलाय."

बाई हसल्या. "काढा मग. चष्मा आहे तोवर डोळ्यांच्या कटकटीतून तरी सुटाल."

शिफ्ट सुटली की मी आप्पांसमोर बसायचो. त्यांना टर्पेंटाइनचा वास आवडायचा नाही. "फवारणीला बसवलंय व्हय मला?" म्हणायचे, पण हलायचे नाहीत. कधीकधी बसल्या बसल्या घोरायचे. मी इतकं निवांत त्यांच्याकडं कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्या गालाच्या खळग्यात हिरवट सावली असते, कानाची पाळी उन्हात शेंदरी दिसते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

चष्मा निघाला आणि डोळ्यांनी माझा घाम काढला. दोनदा पुसून पुन्हा काढले. अखेर एका दुपारी मी कॅनव्हास त्यांच्याकडं फिरवला. आप्पा नव्या नजरेनं बराच वेळ बघत राहिले.

"हा मी न्हाई," ते म्हणाले.

माझं तोंड उतरलं.

"हे आबा हायेत. माझा बाप. कुठं बघितलंस त्यांना?"

आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. त्यांचा एकही फोटो घरात नाही. मी काही केलं नव्हतं, फक्त नाक लांब झालं होतं आणि कपाळ मोठं. पण आप्पा ऐकेचनात. त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. चार दिवसांनी आत्या एसटीनं आली, डोळ्याची विचारपूस करायची ती राहिली बाजूलाच, थेट चित्रासमोर उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आबाच," ती हळूच म्हणाली. मग लगेच, "पर मिशी अशी नव्हती. खाली वळल्याली व्हती."

"वर व्हती," आप्पा म्हणाले.

"तुला काय आठवतंय? तवा तू नागडा फिरत व्हतास!"

रंग ओलाच होता, म्हणून मी चिंधीनं मिशी पुसली आणि खाली वळवली. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. मी वर वळवली, तर आत्या फणकारली. पुसता पुसता मिशीत करडा रंग मिसळला, तिला एक थकलेला आकार आला, धड वर नाही, धड खाली नाही. आप्पा खुर्चीतून उठून जवळ आले आणि आत्यानं माझं मनगट धरलं.

"थांब," आत्या म्हणाली. "आता हात लावू नगंस."

बाईंना मी चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी डावा कान खाली आलाय असं सांगितलं. तो खाली आलाच होता. मी काही तो वर घेतला नाही. वाळल्यावर आप्पांनी ते चित्र साडीत गुंडाळून गावी नेलं आणि बैठकीच्या भिंतीवर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ठणकावून सांगतात, "आमचे आबा."

मागच्या महिन्यात गावी गेलो तर आत्या माझी वाटच बघत होती.

"आता आईचं काढ," ती म्हणाली.

"आत्या, आजीला मी बघितलेलं नाही."

"मी बसते की." तिनं खुर्ची दारातल्या उजेडात ओढली, बसली, आणि मान ताठ केली. "पर नाक जरा बारीक काढ. आईचं माझ्यापरीस चांगलं व्हतं."