डावी बाजू मोहनची

शेवटच्या दोन सफारींत मोहनला प्राणी दिसतच नव्हते.

हे मला माहीत होतं. त्याच्याबरोबर आलेल्या तुम्हा कुणालाही नव्हतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. तेव्हा दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "गुडघ्यांमुळे त्याने ट्रिप बंद केल्या."

गुडघे ठणठणीत होते.

माझा नवरा बर दुबईतल्या एका ऑफिसात एस्टिमेटर, बांधकामखर्चाचे अंदाज काढायचा. पण ईदची सुट्टी लागली की ओळखीची सहा माणसं घेऊन टांझानियाला जायचा. मोठा ग्रुप कधी घेतला नाही. "एका गाडीत मावतील तेवढेच. त्यापुढे ती वरात होते."

गाडी तिथला इलायस चालवायचा. मोहन त्याच्या शेजारी बसून मराठीत सगळं समजावायचा. मी मोहनच्या मागच्या सीटवर.

त्याचा नियम सगळ्यांना पाठ आहे. गाडीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. प्राणी दिसला की ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. हळू आवाजात वेळ सांगायची. "तीन वाजता, जिराफ."

मग त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. समोर बघितलं की मधोमध करडा डाग. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही.

"एकच ट्रिप, सुमन. लोकांनी तिकिटं काढलीत."

मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध आहे. तरी हो म्हणाले.

आम्ही एक पद्धत बसवली. मला प्राणी दिसला की मी मागून त्याच्या खांद्यावर बोटाने ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे दोन वाजता. मग कानाशी, "चित्ता, बाभळीखाली." तो दुर्बीण तिकडे वळवायचा आणि बोलू लागायचा. चित्त्याची चाल, शेपटी, मादी पिल्लांना कशी लपवते, सगळं त्याला तोंडपाठ. मागच्यांना वाटायचं, बघून सांगतोय.

ठोका नाही, म्हणजे तिथे काही नाही. असं आमचं ठरलेलं.

एक ट्रिप निभावली. म्हणून दुसरी केली.

दुसऱ्या ट्रिपला अल मनखूलचे पाटणकर आणि वहिनी होत्या. पाटणकर, यापुढचं तुमच्यासाठी आहे.

तुम्हाला आठवत असेल, पार्कच्या हद्दीबाहेरच्या रानात गाडीतून उतरता यायचं. लघवीला जायचं तर "टायर चेक करायचाय" म्हणायचं. आधी इलायसने उजवी बाजू बघायची, मोहनने डावी. दोघांनी "क्लिअर" म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही.

"मोहनराव, टायर फार अर्जंट आहे. यल्ला, चला लवकर."

वहिनी म्हणाल्या, "तीन कप चहा प्यायला कुणी सांगितलं होतं? आता भोगा."

सगळे हसले. मीही हसले. आणि हसत हसत थर्मासचं झाकण उघडत बसले.

डावीकडे मी बघितलंच नाही.

इलायस म्हणाला, "क्लिअर." मोहन माझ्या ठोक्यासाठी थांबला. ठोका आला नाही. तोही म्हणाला, "क्लिअर."

तुम्ही टायरपाशी थांबला नाहीत. लाजून झुडपांकडे गेलात.

रानरेड्याच्या पाठीवरच्या गोचिड्या टिपणारे पक्षी असतात ना, ते चिरचिरत उडाले. मोहन ताठ झाला.

"पाटणकर, आहात तिथेच उभे राहा. हलू नका."

मग मागे वळून मोठ्याने, "सुमन, कुठे आहे?"

झुडपाच्या सावलीतून एकटा म्हातारा रानरेडा उठत होता. तुमच्यापासून वीस पावलांवर.

"दहा," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, "दहा वाजता."

इलायसनेही रेडा बघितला. गाडी हळूहळू तुमच्या आणि रेड्याच्या मध्ये नेऊन उभी केली. वहिनींनी शर्टाला धरून तुम्हाला आत ओढलं. रेडा बघत राहिला.

तुम्ही म्हणालात, "पॅन्ट कोरडी आहे, एवढं सगळ्यांनी नोंदवून ठेवा."

तेव्हापासून तुम्ही हा किस्सा सांगता. मोहनने नुसत्या पक्ष्यांच्या आवाजावरून रेडा ओळखला, मोहनने मला वाचवलं. त्याच्या फोटोसमोर बसूनही सांगितलात. मी चहा आणते म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

पाटणकर, तुम्हाला इलायसने वाचवलं. मोहनने आणि मी तुम्हाला तिथे उतरवलं होतं.

त्या संध्याकाळी तंबूबाहेर मी मोहनला म्हणाले, "खलास. ही शेवटची."

"मला ऐकू आलं ना."

"कुठून आलं, ते कळलं का?"

तो दुर्बीण पुसत बसला.

दुसऱ्या दिवसापासून उतरायच्या आधी इलायस गाडीभोवती पूर्ण फेरी मारू लागला. दोन्ही बाजू स्वतःच बघायचा. मोहनकडे बघायचा नाही.

दुबईत परतल्यावर लोकांचे फोन येत राहिले. "मोहनकाका, पुढची ट्रिप कधी?" तो म्हणायचा, "इन्शाल्ला." मी म्हणाले, "लोकांना खोटी आशा लावू नकोस."

मग त्याने फोन घेणंच सोडलं. रिंग पूर्ण वाजू द्यायचा. खुर्चीत बसून ऐकायचा.

आठ महिने असेच गेले. एका सकाळी हार्ट अटॅक आला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंतही थांबला नाही.

ट्रिप बंद केल्या हे योग्यच केलं. पहिल्याच वेळी करायला हवं होतं, तेव्हा मी हो म्हणाले. आणि बंद केल्यावर त्याच्याजवळ बसायला हवं होतं, तेव्हा मी कपाटं आवरत होते.

पाटणकर, वहिनी, रविवारी मी घरीच आहे. फोनवर नको, समोर येऊन बोला. जे बोलाल ते ऐकून घेईन.

मोहन, हे लिहिण्याआधी तुझ्या फोटोलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.

माझा नमस्कार घे.